उकंड्याला हात लावू नये

कुरुंदा, ता. वसमत
१२ जानेवारी २०२५

चि. प्रियंकास,
आबांचे अनेक आशीर्वाद. पत्र पाहून घाबरू नकोस, घरात कुणी आजारी नाही. फोनवर तुझं बोलणं मला भुंगा गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. तुझ्या आईनं तेच मोठ्यानं सांगितलं, की त्यात निम्मं तिचं स्वतःचं असतं. मागच्या वेळी तू खोलीच्या भाड्याबद्दल बोलत होतीस असा माझा समज झाला. आईच्या मते तू शिरड शहापूरच्या स्थळाला होकार दिलास. म्हणून कागद बरा.

गावात तुझी कीर्ती वाढली आहे. पोरगी काय करून राहिली पुण्यात, असं शेजारचा थावरा रोज विचारतो. ढगात मशिनं ठेवती आणि खालून त्यांना हुकूम सोडती, असं मी सांगतो. तो आधी आभाळाकडं बघतो आणि मग माझ्याकडं. दोन सालांमागं आपल्या ढगात पाणीसुद्धा नव्हतं, तिथं तुमच्या कंपनीला अख्खी मशिनं ठेवायला जागा मिळाली, याचं मलाही कौतुक आहे.

आता कामाचं. आईशी तुझं ठरलंय ते विसरू नकोस. मार्चअखेर नोकरी पक्की झाली तर तू म्हणशील तोवर स्थळांचा विषय बंद. नाही झाली तर शिरडची मंडळी पाडव्याला तुला बघायला येणार. मुलाचं नाव माऊली, खताचं दुकान आहे. त्याला बायको शिकलेली पाहिजे आणि घरी बसलेली पाहिजे. एवढं शिकून बसायचं कसं, ते बहुधा तोच शिकवणार असेल.

तुझ्या ओळखपत्राचा फोटो आईनं दाखवला. त्यावर प्रियंका यू. असं छापलंय. साठ वर्षांचा बाप तू एका अक्षरात बसवलास. हळदीची पोती रचायला तुलाच बोलवायला पाहिजे.

उत्तर कागदावरच दे, आणि माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
यू.


पुणे
२१ जानेवारी

ती. आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.
पत्र पोचलं. आईला सांगा, मी भाड्याबद्दलच बोलत होते.

थावराकाकांना सांगा, ढग वगैरे काही नसतो. कुठल्यातरी शहरात भिंतीआड दुसऱ्याची मशिनं रचलेली असतात, आम्ही ती भाड्यानं वापरतो. मला ती कधी दिसत नाहीत. माझ्यापुढं नुसता निळा पडदा. त्यावर एक ओळ लिहिली की तिकडं मशीन उभं राहतं, दुसरी लिहिली की पुसलं जातं. अशा ओळी एकाखाली एक मांडल्या की त्याला स्क्रिप्ट म्हणतात. सगळ्यात चांगली सोय पुढंच आहे. ओळीच्या शेवटी ‘व्हॉट इफ’ लिहिलं, की मशीन खरं काही करत नाही, केलं असतं तर काय झालं असतं तेवढं दाखवतं. स्थळं बघताना ही सोय असती तर आईचे किती फोन वाचले असते!

नोकरी पक्की होणं तेरा मार्चवर आहे. त्या दिवशी मला माझं काम दाखवायचंय: ऑफिसची मशिनं संध्याकाळी आपोआप बंद व्हावीत आणि सकाळी लागतील तेवढीच चालू व्हावीत, अशी मांडणी. तिची तालीम मी एका मशीनवर करत होते. हौसेनं त्याचं नाव सुवर्णा ठेवलं. आमच्या शंकरसिंग साहेबांना नाव आवडलं, म्हणून पाहुण्यांना दाखवायला त्यांनी माझं सगळं पुसून मशीन घेतलं. मग मी दुसरं उभं केलं, भरारी. तेही त्यांना आवडलं. दुसऱ्याची वस्तू घेताना साहेब कधी संकोच करत नाहीत, फार मोकळा माणूस आहे.

यू.वरून रागावू नका. इथं तुमचं नाव सांगितलं की लोक अर्थ विचारतात, आणि अर्थ सांगितला की गप्प होतात. ती शांतता मला नको असते.

आईला नमस्कार. लोभ आहेच, त्यात भर पडू द्या.

आपली,
प्रियंका


कुरुंदा
२ फेब्रुवारी

चि. प्रियंकास,
आशीर्वाद. हळदीची काढणी चालू आहे, हात पिवळे आहेत, म्हणून कागदही पिवळा आहे.

साहेबांचा स्वभाव कळला. नाव सुवर्णा ठेवायचं आणि नजर लागली म्हणून रडायचं, हे शहाणपण पुण्याला शिकवतात काय? पुढच्या मशिनाचं नाव माझंच ठेव, उकंडा. माझ्या आधीची दोन लेकरं गेली, हे तुला माहीत आहे. मी झालो तेव्हा आईनं मला नेऊन उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या शिलाबाईनं उचललं, आणि सूपभर जवारी देऊन आईनं तिच्याकडून मला परत घेतलं. हे पोरगं टाकून दिलेलं आहे, असं यमाला वाटावं एवढाच बेत. यम फसला. शाळेतली पोरं काही फसली नाहीत, त्यांनी त्या नावाचा पुरेपूर उपयोग केला. पण साठ वर्षांत मला कुणी उचलून नेलं नाही, हेही बघ.

व्हॉट इफची मला गरज नाही. काय केलं तर काय होईल, हे तुझी आई न विचारता सांगत असते.

तब्येतीला जप आणि आम्हाला धरून राहा.

तुझा,
यू.


पुणे
९ मार्च, रविवार

ती. आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.
हे पत्र आईला दाखवू नका. तिला फोनवर सांगितलं असतं तर त्याच फोनवरून तिनं शिरडला लावला असता.

तुमचं ऐकून मशीनला उकंडा नाव दिलं होतं. साहेबांनी यादीत ते वाचलं, नाक मुरडलं आणि पुढं गेले. महिनाभर कुणी हात लावला नाही. काम पुरं होत आलं होतं. यमाला जमलं नाही, आबा, म्हणून मीच पुढं झाले.

ऑफिसात बेवारस मशिनं फार झाली होती. ती पुसायची स्क्रिप्ट मी लिहिली. ज्या मशीनला मालकाच्या नावाचा टॅग नाही, ते आपल्या प्रतीसकट पुसायचं. टॅगमध्ये मालकाचं नाव पूर्ण लागतं, नुसतं अक्षर चालत नाही. एकानं लिहायची आणि दुसऱ्यानं चालवायची, असा आमचा नियम आहे. ती चालवायला विकास होता, आपल्याकडचाच, सेनगावजवळच्या साखऱ्याचा. पोराच्या जावळासाठी शुक्रवारीच त्याला गाव गाठायचं होतं. प्रत्येक मशीन पुसायच्या आधी पडदा विचारतो, पुसू का? तिथं ‘सगळ्यांना हो’ असंही सांगता येतं. व्हॉट इफ लावून बघू का, असं विकासनं विचारलं. मी लिहिली आहे ना, दे सगळ्यांना हो, असं म्हणून मी डबा उचलून निघाले.

काल पोहे भिजवताना आठवलं. उकंड्यालाच टॅग नाही. पूर्ण नाव लिहायचं मी आज, उद्या करत राहिले होते. आता मशीनही गेलं आणि त्याची प्रतही. स्क्रिप्ट मी लिहिली असल्यामुळं तिनं काही मागं ठेवलं नसणार, एवढा मला स्वतःवर विश्वास आहे. कच्च्या नोकरीवाल्यांना सुट्टीत बाहेरून आत बघता येत नाही, आणि विकासला साखऱ्यात रेंज नाही. तेरा तारीख गुरुवारी आहे. मला फार भीती वाटतेय, आबा. पाडव्याला कोणती साडी नेसू, ते आईला विचारून ठेवा.

आपली,
प्रियंका


कुरुंदा
१४ मार्च, धुळवड

चि. प्रियंकास,
पोस्टाला सुट्टी, तरी पोस्टमननं तुझं पत्र आज घरी आणून दिलं. तेरा तारीख काल होऊन गेली. तिकडं काय झालं असेल ते मला माहीत नाही, आणि फोन करून विचारायचा धीर होत नाही. ऐकू येत नाही हे यावेळी बरंच झालं.

आईला पत्र दाखवलं नाही. तिनं माझं तोंड बघितलं आणि सगळं काढून घेतलं. मग दुपारीच शिरडला जाऊन आलो. पोरीचं अजून ठरायचं आहे, पाडव्याला येऊ नका, असं माऊलीच्या बापाला सांगितलं. त्यांनी मला रंगाऐवजी अपमान लावून पाठवलं, पण तो धुवायला सोपा असतो. येताना वाटलं, आई आता घरात घेणार नाही. तिनं पुरणपोळी वाढली आणि म्हणाली, बराबर केलं. तुला तिनं लिहायला सांगितलंय, तुझं काम मोडलं म्हणून तू कुणापुढं चहाचे कप घेऊन उभी राहणार नाहीस. ते ठरलेलं आमी मोडलंय, तू न्हाई.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. नाव मी सुचवलं होतं. यमाला चुकवलं त्या नावानं, तुझ्या कामी नाही आलं. माझ्या नावाची सावली तुझ्या मशिनावर पडली असेल, तर पुढच्याला काहीही नाव ठेव, पण हे ठेवू नकोस.

घरी ये. सांभाळून ये.

तुझा,
यू.


पुणे
१५ मार्च

ती. आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.
आधीचं पत्र चुलीत घाला. उकंडा आहे.

सोमवारी सकाळी मी ऑफिस उघडायच्या आधी दाराशी उभी होते. पडदा उघडला. टॅग नसलेली सगळी मशिनं गेलेली. सुवर्णा गेली, भरारी गेली, कारण घेतलेल्या वस्तूवर स्वतःचं नाव घालायची साहेबांची पद्धत नाही. पूर्ण यादीत एकटा उकंडा राहिला होता, आणि त्याला टॅग नव्हता. मला वाटलं, माझी स्क्रिप्ट चुकली. आयुष्यात स्वतःच्या चुकीचा एवढा आनंद झाला नव्हता.

स्क्रिप्ट चुकली नव्हती. दुपारी विकास आला, जावळाचे लाडू घेऊन. मी नको म्हटलं होतं तरी त्यानं शुक्रवारी व्हॉट इफ लावून आधी यादी बघितली होती. त्यात उकंडा दिसला. हे मशीन माझं आहे हे त्याला माहीतच नव्हतं. तेवढं एक नाव बाजूला काढून मग त्यानं बाकीच्यांना हो दिलं. मी विचारलं, काहून ठेवलं? तो म्हणाला, त्याच्या आजोबाचं नावही असंच होतं, जळबा. आपल्याकडं असं नाव नकोशा लेकराला कुणी ठेवत न्हाई. कुणाचं तरी लई नवसाचं असंल, म्हणून हात लावला न्हाई.

गुरुवारी काम दाखवलं. मशिनं वेळेवर बंद झाली, वेळेवर चालू झाली, आणि साहेबांनी त्यात आपलं मार्गदर्शन कसं होतं ते सगळ्यांना सांगितलं. नोकरी पक्की झाली. आता नवं ओळखपत्र मिळेल. त्यावर आणि उकंड्याच्या टॅगवर मी नाव दिलंय, प्रियंका उकंडराव. अर्थ विचारला तर मी विकासची गोष्ट सांगते. त्यानंतर होणारी शांतता वेगळी असते.

शिरडला काय कळवायचं ते आईला ठरवू द्या. माझी आठवण काढत राहा.

आपली,
प्रियंका


कुरुंदा
२४ मार्च

चि. प्रियंकास,
अनेक आशीर्वाद. आपली पत्रं वाटेत एकमेकांना चुकवून गेली, त्यामुळं मी शिरडला जाऊन आलो ते तुला आतापर्यंत कळलंच असेल. ती वारी फुकट गेली, पण पेट्रोल खर्चाचं मला दुःख नाही. विकासला धाकटा भाऊ आहे का, असं आईनं विचारायला सांगितलंय. स्थळांचा विषय बंद आहे, हे नुसतं चौकशीखातर.

हळद शिजवून वाळत घातली आहे. थावराला तुझं काम आता नीट समजावलं. ढग नाही, दुसऱ्याची मशिनं, भाड्यानं. तो म्हणाला, मंग आधी काहून ढग सांगितलं? त्याचा माझ्यावरचा विश्वास पूर्ण उडाला आहे.

तुझं पत्र मी अंगणात बसून वाचलं होतं. तरी रात्री जेवताना आईला ते मोठ्यानं वाचायला लावलं. विकासनं काय सांगितलं, तिथं ती आली. मी म्हणालो, ऐकू न्हाई आलं. तिनं पुन्हा वाचलं. मी पुन्हा म्हणालो, न्हाई आलं. मग ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली आणि कानाशी सावकाश वाचलं, लई नवसाचं असंल.

पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, पोरी.

तुझा,
उकंडराव