मधलं ठळक टिंब

मंगळवार, संध्याकाळ. जळगाव जामोद.

गुरुवारी बारावीला वेबच्या जाळ्याची रचना शिकवायची, म्हणून कागदावर टिंबं काढत बसलो; एक टिंब म्हणजे एक वेबपान. बहुतेक पानांना एक-दोनच दुवे, मोजक्यांना हजारो. साधी पानं बंद पडली तरी जाळं टिकतं. हजारो दुव्यांचं मोठं पान बंद पडलं की फाटतं. मुलांना उदाहरण कुठलं द्यावं? संग्रामपूरची अक्का, माझी थोरली बहीण! आमच्यात कुणी कुणाला थेट फोन करत नाही. बाळंतपण असो की सोयरीक, आधी अक्काला सांगायचं, मग ती साऱ्यांना कळवते. मधोमध तिचं ठळक टिंब काढलं आणि मजा सांगायला तिलाच फोन लावला.

"बोल, कोनाची खबर पायजे?" आवाज पार बसलेला.

"अक्का, बरं नाही का तुले?"

"ताप होता चार दिवस. उतरला आता."

"सांगितलं काऊन नाही?"

"कोनी इचारलंच नाही, बापू."

मी परवाच तिला फोन केला होता. मामांच्या मोतीबिंदूचं विचारलं आणि ठेवून दिला. कसला भाऊ मी! त्या ठळक टिंबाकडे बघवेना.

निदान बाकीच्या भावंडांना तरी कळवावं, म्हणून लगेच फोन उचलला. बोटांनी सवयीनं पुन्हा अक्काचाच नंबर लावला.

"आता काय?"

"काही नाही. उद्या सकाळच्या एसटीनं तुले पाहाले येऊन राह्यलो."

"ये. मी कळवून देईन साऱ्यांले."