प्रेशर बरोबर नाही

४ नोव्हेंबर, सकाळ.
कुलदीप काल रिगवर गेला. समुद्रात, तेलाच्या विहिरीवर. आता महिनाभर तो तिकडे आणि अमरावतीच्या या घरात मी एकटा. जाताना टीव्हीवर सिनेमांचं ॲप टाकून दिलं. म्हणाला, बाबा, आई गेल्यापासून तुमी भिंतीकडे पाहत बसता, त्यापेक्षा हे पाहा.
पहिलाच सिनेमा लागला तो रिगवरच्या स्फोटाचा. हिंदी डबिंग. रिग जळून बुडाली. कुलदीप मला रिगबद्दल कधीच काही सांगत नाही. आता कारण समजलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
आणखी एक पाहिला. टीव्ही स्वतःच म्हणतो, हेही पाहा. प्रकार तोच. एक म्हातारा कामगार पाइपाला कान लावून म्हणतो, प्रेशर बरोबर नाही. स्वच्छ हेल्मेट घातलेला मॅनेजर ऐकत नाही. मग स्फोट.
मी आयुष्यभर सोसायट्यांचं ऑडिट केलं. मुरत असलेलं पाणी मला लांबूनच दिसतं. संकल्प : कुलदीप परत यायच्या आत त्याच्या राजीनाम्याची तयारी करणे.

७ नोव्हेंबर.
फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्याकडे स्वच्छ हेल्मेट कोण घालतं? म्हणाला, सगळेच, नियम आहे. म्हणजे सगळेच मॅनेजर. पाइपाला कान लावणारा कोणीच नाही.
पुढचा प्रश्न विचारणार तर म्हणाला, बाबा, गॅस नीट बंद करता ना? विषय बदलला. हे मी नोंदवून ठेवतो आहे.

११ नोव्हेंबर.
शेजारच्या पार्वताबाई कुंपणावरून म्हणाल्या, भाऊ, तुमच्या सैपाकघरातून गॅसचा वास येऊन राहिला. मला काही वास आला नाही. हिच्या तेरवीपासून नाक चोंदलेलं आहे. सर्दी आहे, दुसरं काही नाही. पण वास असता तर थोडा तरी आलाच असता.
पार्वताबाईंचा डोळा हिच्या कुरडयांच्या साच्यावर आहे. तेरवीच्या दिवशीही त्या साच्याच्या फळीकडे पाहत होत्या. खिडकी लावून घेतली. तशीही थंडी सुरू झाली आहे.

१५ नोव्हेंबर.
सहा सिनेमे झाले. धोक्याच्या खुणा आता पाठ आहेत. खालचा माणूस तक्रार करतो. वरचा त्याचा हेतू तपासतो. बिघाड पट्टी लावून दाबतात. दारंखिडक्या बंद असतात.
आकांक्षाला अकोल्याला फोन करून हे सगळं सांगितलं. म्हटलं, तुझा भाऊ कुठे काम करतो याची तुला कल्पना नाही. ती म्हणाली, बाबा, जेवले का तुमी? तिलाही त्यानं फोडलेलं दिसतं.

१९ नोव्हेंबर.
सिलिंडर लवकर संपला. मी एकटा, दोन वेळचा चहा आणि खिचडी. वजनात मारतात. नवा घेऊन देवानंद आला. आत येताच नाक वर करून म्हणाला, काकाजी, नळी चिरली हाय. बदलून टाका, काहून रिस्क घेता? मी विचारलं, नव्या नळीवर तुला किती सुटतात? तो हसला. हसण्यासारखं मी काही बोललो नव्हतो.
नळी बदलणार नाही. ही नळी हिनं स्वतः दुकानात जाऊन आणली होती. चिरेवर काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळली. काम पक्कं झालं.

२४ नोव्हेंबर.
आजच्या सिनेमातला मॅनेजर फारच नालायक. कामगार सांगतो आहे, आणि हा म्हणतो, ही नेहमीचीच गोष्ट आहे, घाबरू नका. माणूस इतका आंधळा कसा असतो? मी टीव्हीसमोर उभा राहिलो.
तेवढ्यात दार वाजलं. पार्वताबाई, सोबत गल्लीतल्या दोघी. परत वासाचंच. म्हणाल्या, भाऊ, एकडाव पाहून तर घ्या, आमचीबी लेकरं झोपतात भिंतीपलीकडे. मी शांतपणे सांगितलं, ही नेहमीचीच गोष्ट आहे, घाबरू नका.
नंतर कुलदीपच्या राजीनाम्याचा मसुदा केला. चांगला उतरला. फक्त सही बाकी.

१ डिसेंबर.
उद्या सकाळी तो येतो. आधी चहा पाजायचा, मग टीव्हीसमोर बसवून दोन प्रसंग दाखवायचे, मग मसुदा. आक्षेप घ्यायला जागाच ठेवायची नाही.

२ डिसेंबर, दुपार.
बडनेऱ्याहून ऑटोनं आला. मी ओट्यापाशी, लायटर हातात. तो दारातच थांबला. मग बूट न काढता सरळ आत येऊन त्यानं माझं मनगट धरलं. म्हणाला, बाबा, हळूच बाहेर चला. कशालेच हात लावू नका.
मला अंगणात उभं केलं. खिडक्या उघडल्या, सिलिंडर उचलून बाहेर आणला. गल्ली पाहत होती. पार्वताबाईंनी मला बसायला खुर्ची दिली. साच्याबद्दल काही बोलल्या नाहीत.
त्यानं चिकटपट्टी सोडली आणि नळी माझ्यासमोर धरली. मी म्हटलं, तुझ्या आईनं आणली होती. त्यानं नळी खाली ठेवली. मग म्हणाला, आई रोज झोपायच्या आधी उठून रेग्युलेटर बंद करायची. तुमाले माहीत नव्हतं?
मला वाटायचं, ती पाणी प्यायला उठते.

संध्याकाळ.
नवी नळी बसवली. तो म्हणाला, आमच्याकडे ज्याला वास येईल त्यानं काम थांबवायचं, मग तो तिथला सैपाकी का असेना. त्याचा हेतू कोणी विचारत नाही.
मग म्हणाला, बाबा, मी नोकरी सोडून राहिलो. तुमाले एकटं ठेवणं धोक्याचं आहे.
मसुदा खणात तयार होता. काढला नाही. रिगवर किती नियम असतात, रिग किती सुरक्षित असते, हे मी त्याला जेवण होईपर्यंत समजावत बसलो. शेवटी तो कसाबसा मानला. रोज फोन करीन आणि गॅसचं विचारीन, या अटीवर.

झोपताना.
रेग्युलेटर बंद केला. उठलोच होतो, तर पाणीही प्यायलो.