घड्या पडलेला शर्ट

आई, आज आबिड्सला सिनेमा बघून आले. तुझ्या नातीने अक्षरशः ओढत नेलं. तुरुंगातली नर्स आणि एक कैदी, त्यांचं जुळतं, एवढीच गोष्ट. "ममा, स्टोरीत काही दम नाही, पण पेअर कसली भारी आहे ना!" नात म्हणाली. खरंच गं. ती थर्मामीटर झटकते, तो मुकाट तोंड उघडतो, आणि दोघं एकमेकांकडे असे बघतात की सगळं थिएटर चिडीचूप. हे बघणं मी आधी पाहिलेलं होतं.

तू तुरुंगाच्या दवाखान्यात सिस्टर होतीस. बाबा जाऊन सहा वर्षं झालेली, मी नववीत. किल्ली विसरले म्हणून एकदा तिथे आले, तर ओळखीच्या वॉर्डरने मला तुझ्या खोलीच्या दारापर्यंत आणलं. तू एका कैद्याच्या मनगटाला पट्टी बांधतेयस. नांदेडकडचा माणूस. दोघं मराठीत बोलताय, कारण परमुलखातल्या त्या तुरुंगात दुसऱ्या कुणाला ती कळत नाही. आणि बोलणं काय, तर अंबाडीच्या भाजीत कण्या किती घालायच्या! वॉर्डर हसला, "क्या सिस्टर, मराठी में बोले तो जखम जल्दी भरती क्या?" तूही हसलीस. बाबा गेल्यापासून तुला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण रागच आला. घरी विचारलं, "कोण गं तो?" तर केवढ्यांदा ओरडलीस! "पेशंट आहे. पुन्हा विचारलंस तर थोबाड फोडीन." आणि मग स्वतःच पदराने डोळे पुसत बसलीस.

पुढे तुझी विद्यानगरच्या दवाखान्यात बदली झाली. एकदा लसूण सोलता सोलता तूच म्हणालीस, "सुटणाऱ्याला आत येतानाचेच कपडे परत देतात. इतकी वर्षं गाठोड्यात पडलेले, घड्या काही जात नाहीत." कुणाबद्दल ते सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. पण त्या वर्षी दिवाळीनंतर कुणी दार वाजवलं की तूच धावायचीस.

सिनेमात हीरो सुटतो तो कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. काहीतरीच! ती फाटकाबाहेर उभी असते. लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि मी हुंदके देऊन रडले.

तो आला होता, आई. बरकतपुऱ्याच्या आपल्या घरी, तू ड्यूटीवर असताना. पत्ता तूच दिला असणार. शर्टावर चौकोनी घड्या, डांबरगोळ्यांचा वास, हातात अंबाडीची जुडी. "सिस्टर इथंच राहतात ना, बाळा?" गल्लीत तोंड कसं दाखवायचं, एवढंच माझ्या डोक्यात. म्हटलं, "त्यांनी दुसरं लग्न केलं. मुंबईला गेल्या." "बरं झालं," तो म्हणाला, आणि जुडी उंबऱ्यावर ठेवून निघून गेला. कुठल्या गावचा, कुठे गेला, काही विचारलं नाही मी. आता तूही नाहीस; शोधू तरी कुणाला आणि सांगू तरी कुणाला?

नात विचारतेय, काय लिहितेस? "भाजीची यादी," म्हटलं. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून तर एवढं लिहिता आलं.

त्या संध्याकाळी तू विचारलंस, "अंबाडी कुठून गं?" मी म्हटलं, "गाडीवाल्याकडून." तू कण्या घालून, लसणाची फोडणी देऊन भाजी केलीस. मध्येच दार वाजलं तशी पिठाच्या हातांनी धावलीस. शेजारीण होती. भाजी फार छान झाली होती, आई. मी दोनदा मागून घेतली.