केशवराव नावाचा डाव

मु. लाखनी

आदरणीय केशवदादा,

सप्रेम जय भीम. इकडं आम्ही सारे मजेत. तुझा गुडघा कसा आहे आणि सरितावहिनीचा खोकला गेला का, ते कळव. (कळवणार नाहीस, माहीत आहे मले. फोन तू उचलत नाहीस, घरच्या ग्रुपमधून निघून गेलास, म्हणून तुझ्या बहिणीवर या जमान्यात कागद-पेनाची पाळी आली. अक्षर पाहून हसू नको.)

तर तुझी रत्नमाला. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास सोडून मारामारीचा गेम खेळते म्हणून तू तिले घराबाहेर काढलं, तेव्हापासून ती माझ्या दुकानावरच्या खोलीत राहते. (सकाळी अभ्यासही करते, पण तू विचारलं कुठं!) खाली माझी भज्याची कढई, वर तिची मारामारी, आणि सोबतीले तिची मैत्रीण शालू. टीव्हीत दोन पहेलवान एकमेकाले कुटून राहिले, इतकंच मले समजे. पण दादा, त्या पोट्ट्यांची भाषा! अव माय, मी तर ऐकतच राहिली. कंपनीनं डावाचं काय नाव ठेवलं त्याची त्यायले काही पडली नाही, यायनं आपलेच ठेवले. खाली वाकून, मागं मागं सरकत, समोरच्याच्या पायाले टोचत राहायचं, तो 'रोवणा'. (लहानपणी गावी, एकोडीच्या बांधीत आपण धान रोवत होतो ना, तस्साच, पाहूनच माझी कंबर दुखाले लागली.) समोरच्याले वर उडवून खाली पडूच द्यायचं नाही, हवेतच उलटून-पालटून हाणायचं, ते 'भजे काढणं'. हे माझ्यावरून, बरं का! आणि हे नावं लाखनीतच राहिले नाहीत. नेटवर कुठचे कुठचे लोक तिच्यासंग खेळतात. सांगलीकडचा एक जण, ज्यानं जन्मात रोवणा पाहिला नसेल, तोही म्हणाला का तुझ्या रोवण्यानं जीव नकोसा केला. माझ्या तर अंगावर काटा आला. शब्द आपल्या चिखलातून उठला आन् पार तिथवर गेला.

मंग एक दिवस भर गिऱ्हाइकीत वरून आवाज आला, "केशवराव कर, केशवराव!" आणि मागून, "बापा, केशवरावानं मारलं!" माझं डोस्कं फिरलं. हातातला झारा घेऊन तशीच वर गेली (कढईतला घाणा जळला, ते वेगळं). म्हणलं, बाप रागावला म्हणून त्याच्या नावानं मारामारी करता? लाज नाही वाटत?  रत्नमालानं फक्त तो डाव करून दाखवला.

दादा, काय सांगू तुले! तिचा पहेलवान हात आडवे धरून उभा राहिला. समोरचा लाथा मारते, बुक्क्या मारते, आग फेकते. हा हलत नाही, मागं सरत नाही, सारं अंगावर घेते. आणि समोरचा दमला का एकच तडाखा! खलास. नळाच्या पाण्यावरून तुझ्या क्वार्टरच्या दारात भांडाले आलेला तो शेजारी आठवते? दुपारभर बडबडला, तू चुपचाप उभा, आणि मंग एकच वाक्य बोलला, तो गेला घरी. तोच तू, हुबेहूब! शालू म्हणते, हा साऱ्यात भारी डाव आहे आणि रत्नमाला त्याले दुसरं नाव ठेवूच देत नाही. मले रडू आलं, खरं सांगते. कारण तसाच एक तडाखा तू तिलेही दिला होता: गेम सोडल्याबिगर या फाटकाच्या आत पाय ठेवू नको. तरी त्या पोट्टीनं नाव दिलं ते तुझंच.

असो. तिच्यासाठी विनवणी कराले मी हे पत्र लिहिलं नाही. तुझं तू पाहा. वहिनीले जय भीम.

तुझी बहीण,
वच्छला

ता. क. केशवरावावर तोड काय, म्हणून विचारलं मी तिले. म्हणते, एकच. मारून काही होत नाही. सरळ जवळ जाऊन मिठीत पकडायचं. पकडीपुढं केशवरावाचं काही चालत नाही.

आणखी ता. क. हे पत्र शालूनं आणून दिलं ना? ती एकटी आली नाही. (वहिनीले ठाऊक आहे, भात तिनं जास्तच टाकला असेल.) फाटकाबाहेर पाहा. पकडाले जवळ यावं लागते, आणि तुझा शब्द पाळून पोट्टीनं आत पाय ठेवला नाही. म्हणून आता तूच बाहेर जा.