सोनूच्या बाजूचे टाके

निघोजे, रविवार

ती. आईस, करुणाचा जयभीम.

मी बरी आहे. सकाळची शिफ्ट आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

सोनू आणि मी समोरासमोर बसून तुकडे जोडायचो, त्या गोधडीची वरची बाजू काल पुरी झाली. ती आपल्याला सोडून गेल्यापासून तिच्या जागेवर मला बसवत नाही, म्हणून गोधडीच फिरवून घ्यायचे. तरी समोरून कुणी कापड ताणून धरलंय असं वाटायचं.

तिचे टाके वाकडेच आहेत. "ताई, पांघरल्यावर कोण बघतंय?" म्हणायची.

अस्तर तू लाव, मी पुढच्या सुट्टीला घेऊन येते. वाकडं दिसलं की तू उसवतेस. हे उसवू नकोस, आई. तिच्या बाजूचे माझेही टाके तसेच पडलेत.

तुझी,
करुणा