रस्त्याच्या डाव्या कडेने

३ नोव्हेंबर, सोमवार
ओरोसला वकिलांकडे गेलो, आईबाबांबरोबर. वकिलांनी प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं, उभं राहून, जणू कोर्टच. 'अर्जदार हा रस्त्याच्या डाव्या कडेने सावकाश चालत असता एसटी बसच्या चालकाने गाडी भरधाव व निष्काळजीपणे चालवून...' सावकाश शब्दावर आई हसली. जन्माक इल्यापासून हो सावकाश चललो नाय, म्हणाली. बाबांनी नुसतं बघितलं तिच्याकडे.
सही केली. हात जरासुद्धा कापला नाही. घरी आल्यावर त्याचंच वाईट वाटलं.
२० तारखेला साक्ष.

४ नोव्हेंबर
खरं काय ते निदान इथे तरी.
फेब्रुवारी. सकाळची कोल्हापूर गाडी. ती त्या गाडीने नर्सिंगला चाललेली, मला न सांगता. (नाव इथेही लिहीत नाही.) त्याआधी कॉलेजात तिच्याबद्दल घाण बोलला म्हणून एकाचं नाक फोडलं होतं मी. कॉलेजवाले माफी माग म्हणाले, तर दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडून आलो. ती म्हणाली, माग माफी, परत जा. मी तिच्यावरच ओरडलो. त्यानंतर बोलणं बंद.
घाटीच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो, दोन्ही हात पसरून. आमच्याकडे कुठेही हात दाखवला की गाडी थांबते, लहानपणापासून तेच बघितलेलं. थांबत होतीच. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला होता. मीच बाजूला व्हायचं सोडून पुढे धावलो, तिच्या खिडकीकडे. खडीवर चप्पल सरकली. उजवा पाय चाकाखाली.
परब ड्रायव्हरनेच उचललं मला. पॅसेंजरसकट गाडी वळवून दवाखान्यात नेली. वाटभर त्यालाच शिव्या घातल्या. आईवरून.
संध्याकाळी पोलीस जबाबाला आले तेव्हा बाबा उशाशी उभे. म्हटलं, कडेने चाललो होतो. तिचं नाव यायला नको म्हणून. नऊ महिने स्वतःला हेच सांगतोय.

७ नोव्हेंबर
बापूच्या रिक्षातून बाजारात, पायाच्या गोळ्या आणायला. बापू बोलायचा थांबत नाही. परबांना गाडीवरून उतरवलंय, चौकशी संपेपर्यंत वर्कशॉपात टायर लोटतात. पंचवीस वर्षांत एक कोंबडी मारली नव्हती त्या माणसाने, म्हणाला. केस अंगावर उलटली तर त्यांची नोकरी जायची. मग आरशातून माझ्याकडे बघून:
"आणि तू कडेन चलत होतस म्हणे? तुका मी कधी कडेन चलताना बघूक नाय रे."
रिक्षा थांबव म्हटलं, उतरलो. काठी आपटत अर्धा मैल चाललो. राग कोणावर, ते माहीत होतं. तरी बापूलाच मनातल्या मनात दोन लगावल्या.

११ नोव्हेंबर
तिचा फोन. नऊ महिन्यांनी.
नऊ महिने काय काय बोलायचं ठरवलेलं. पाय कसा आहे, एवढं तरी विचारेल वाटलं. तिने विचारलं, "परबमामांचा काय करून ठेवलंस तू?"
ती ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर होती. मी पडलो तेव्हा माझं नाव घेऊन किंचाळली, ते त्याने ऐकलं. दवाखान्याच्या दारात तिला बाजूला घेऊन म्हणाला, "चेडवा, तू ह्या गाडयेत नव्हतस. दुसऱ्या गाडयेन जा. कोणाक काय सांगा नको."
चौकशीत त्याला विचारलं, पोरगा मध्ये आला म्हणतोस, कोणी बघितलं? बाकीचे पॅसेंजर कोर्टकचेरी नको म्हणून केव्हाच पांगलेले. हिचं नाव त्याने दिलं नाही. हिने परवा स्वतः फोन केला त्याला, मी येऊन सांगते म्हणाली. तर नको म्हणाला. माझ्याय घरात चेडू आसा, म्हणाला. त्यालाही मुलगी आहे.
म्हणजे तिचं नाव मी झाकलं नव्हतं. त्याने झाकलं. मी फक्त मला झाकलं.
"मी येव साक्षीक?" तिने विचारलं.
तिने थोडा वेळ वाट बघितली. मग फोन ठेवला.

१२ नोव्हेंबर
जेवलो नाही. आईला वाटतंय पाय दुखतोय. तेल गरम करून चोळत बसली. चोळू दिलं. नको म्हणायचं धैर्यसुद्धा नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
देवळात गाऱ्हाणं घालायचं बाबांनी ठरवलेलं, केससाठी. नारळ, विडा. भावकीतले पंधराएक जण. मी खांबाला टेकून.
मानकरी गावकरांनी डोळे मिटून सुरू केलं. बा म्हाराजा, हो तुझो लेकरू तुझ्या पायाकडे उभो आसा...
"व्हय म्हाराजा."
रस्त्याच्या कडेन सरळ चलताना ह्याच्या पायार गाडी इली रे म्हाराजा...
"व्हय म्हाराजा." सगळे एका आवाजात. बाबांचा सगळ्यांत मोठा.
मला म्हणता आलं नाही. वकिलांकडे सही केली तेव्हा काहीच वाटलं नव्हतं, कागदच तो. इथे पंधरा माणसं माझी थाप देवाला खरी म्हणून सांगत होती. त्यांतले दोघं पहिल्या रात्री रक्त द्यायला आले होते. ज्याने ह्याच्यावर अन्याय केला त्याला त्याची जागा दाखव, इथपर्यंत गाऱ्हाणं गेलं. पुन्हा व्हय म्हाराजा. एकदा वाटलं ओरडून सांगावं. रागात असतो तर ओरडलोही असतो. लाजेत आवाज फुटत नाही, हे नवीनच कळलं.
प्रसादाचं खोबरं हातात घामेजलं. खाल्लं नाही, खिशात टाकलं.
परत येताना बाबा दहा पावलं पुढे. एरवी माझ्या काठीच्या चालीने चालतात.

१८ नोव्हेंबर
वकिलांचा बाबांना फोन. लिहिलंय तेवढंच बोलायचं, उलटतपासणीत चिडायचं नाही, मुलाला समजावून ठेवा. बाबा 'हो साहेब, हो साहेब' म्हणाले. मला काहीच समजावलं नाही. काजूच्या बागेत निघून गेले.
तिला मेसेज लिहिला, 'तू येऊ नको, मीच सांगतो.' पाठवला नाही. सांगेन की नाही, माझं मलाच ठाऊक नाही. तिला आणखी एक थाप कशाला.

२० नोव्हेंबर, गुरुवार
एसटीतच लिहितोय. एसटीवर केस आणि कोर्टात जायला एसटीच. आई यायची होती, बाबा नको म्हणाले.
स्टॉपवर आम्ही दोघंच होतो. बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "देवळात तुझो आवाज ऐकाक येवक नाय."
मी काठीचं टोक मातीत रोवत राहिलो.
"त्या दिवशी गाडयेसमोर खय उभो होतस तू?"
काय बोलावं ते नऊ महिने पाठ होतं. तोंडातून निघालं ते, "मधी."
"मधी म्हणजे?"
"रस्त्याच्या मधी. हात पसरून. त्यांनी ब्रेक मारलेलो, बाबा."
मारतील वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी कागदांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, तेवढंच. गाडी आली. मला आधी चढवलं, काठी वर दिली. ओरोस दोन, म्हणाले. माझ्या शेजारी जागा होती. ते पुढे जाऊन बसले.
गाडी कसालच्या पुढे आली. बाबांची मान तशीच, ताठ. मधे का उभा होतो, ते त्यांनी अजून विचारलेलं नाही. कोर्टात कोणीतरी विचारणारच. परब येणार आहेत, वकील म्हणाले होते.
बाबा उठलेत. इकडेच येतायत, वही मिटतो.