बदामची दुर्री निघेपर्यंत

२७ एप्रिल
दीपाला सकाळच्या एसटीत बसवून आलो. मुकुटबनला तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, आठ दिवसांचं काम. खिडकीतून तिनं दोनदा सांगितलं की पाच तारखेला घ्यायला या. मागच्या दिवाळीत मी गेलो नव्हतो, ती एकटीच परत आली, आणि माहेरच्या आळीत बायका अजून तिला विचारतात की जवाई रुसले काय. यावेळी मी घ्यायला गेल्याशिवाय ती निघणार नाही. रास्त आहे. पाच तारीख फिक्स.

कॉलेजला सुट्या. लॅबच्या किल्ल्या जमा केल्या. घर रिकामं. साधनेला असा चान्स परत येणार नाही.

२८ एप्रिल, सकाळी ७.४० (संकल्प पाचचा होता)
टॅरोच्या फाउंडेशन बॅचच्या नोट्स पुन्हा वाचल्या. निकिता मॅडम नागपूरहून ऑनलाइन शिकवतात. लोक टॅरोचे मोठे पत्ते बघून भुलतात, मृत्यू, सैतान वगैरे. खरं मर्म लहान पत्त्यांत आहे. एक्क्यापासून दश्शीपर्यंतचे आकडे म्हणजे कबाला या यहुदी गूढविद्येतल्या जीवनवृक्षावरची दहा स्थानं. एक्का सगळ्यात वर, केतेर, म्हणजे मुकुट. तिथून प्रकाश एकेक पायरी उतरत दश्शीत येतो, मल्खुत, म्हणजे जमीन, घर, भांडीकुंडी. चार रंग म्हणजे चार लोक, म्हणजे चार जगं. दीपा मुकुटबनला गेली आहे आणि मी इथे पांढरकवड्यात भांडी घासतो आहे. योगायोग म्हणता येणार नाही.

टॅरोचा संच मागवला नाही, गरज नाही. आपले साधे पत्ते त्याच घराण्यातले. इस्पिक म्हणजे तलवारी, बदाम म्हणजे प्याले, किलवर म्हणजे दंड, चौकट म्हणजे नाणी. टीव्हीखालच्या ड्रॉवरमधला पत्त्यांचा जोड घेतला. दर मे महिन्यात दुपारी कूलरसमोर बसून दीपा आणि मी यावर रमी खेळायचो. फेब्रुवारीत कोर्स सुरू झाला तेव्हा तिला सांगितलं की आता हे पत्ते खेळायचे नाहीत. तिनं ते ड्रॉवरमध्ये ठेवून दिले. टॅरोत प्रत्येक रंगात एक सरदार जास्त असतो, ते चार लग्नपत्रिकेच्या गत्त्यातून कापले. एकूण छप्पन.

मॅडम म्हणतात, आधी पत्ते मोजून घ्या. ते नवख्यांसाठी आहे.

४ मे
उद्याच्या प्रवासासाठी पत्ता काढला. इस्पिकची अठ्ठी. नोट्समध्ये चित्र आहे: डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, दोरीनं आवळलेली, भोवती आठ तलवारी. इतका स्पष्ट इशारा मी आजवर बघितला नव्हता. प्रवास टाळणे.

दीपाला फोन केला. सांगितलं की आईजवळ अजून थोडे दिवस राहा, म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्याची घाई बरी नाही. ती म्हणाली की डोळा छान आहे, आई कालपासून तांदूळ निवडते आहे. मग बरं म्हणून फोन ठेवला. तिला माझं म्हणणं पटलं असावं.

९ मे
चौकटची पंजी. दोन गरीब माणसं बर्फातून चालली आहेत. बाहेर पारा चव्वेचाळीस, तरी बर्फ म्हणजे बर्फ. गेलो नाही.

एक गोष्ट लक्षात आली. रोज वेगळ्या पत्त्याचा वेगळा अर्थ लावत बसलो तर माणूस घराबाहेर पडणारच नाही. म्हणून आज शिस्त ठरवली. बदामची दुर्री निघेल त्याच दिवशी मुकुटबन. चित्रात पुरुष आणि बाई समोरासमोर, हातात एकेक प्याला. वृक्षावरचं दुसरं स्थान, पाण्याचा लोक, नवराबायकोसाठी याहून शुद्ध पत्ता नाही. रोज एकच पत्ता, आंघोळ करून, आणि तो परत जोडात. हिशेबानं सरासरी छप्पन दिवस, पण साधना चोख असेल तर आठवडाभरात निघावी.

१४ मे
किलवरची दश्शी. काल पण किलवरची दश्शी.

दीपाचा फोन. जेवता का, तुळशीला पाणी घालता का, कधी येता. मी म्हणालो, प्रोसेस चालू आहे. तिनं विचारलं की एसटीत बसायला कसली प्रोसेस लागते. या विषयावर फोनवर बोलण्यात अर्थ नसतो. तुळशीला पाणी घातलं. तुळस गेल्यात जमा आहे, पण ते उन्हानं.

१९ मे
साधनेत कसर नको म्हणून अंगणात चुन्यानं पूर्ण जीवनवृक्ष काढला. दहा वर्तुळं, बावीस रेघा. दुसऱ्या वर्तुळात दीपाचं नाव, दहाव्यात माझं, तिथे दिवा. चार तास लागले. कंबर गेली.

शेजारच्या इंदूबाई कुंपणापाशी आल्या आणि हे काय म्हणून विचारलं. मी सविस्तर सांगितलं, कशासाठी, कोणासाठी, दीपाचं नाव कुठून कुठे उतरत येणार. तोंडाला पदर लावून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. आपल्या भागात जिज्ञासा नाही असं म्हणतात ते खोटं आहे.

२१ मे
बबनरावांचा फोन. दीपाचे मोठे भाऊ, वर्षात दोनदा फोन करतात, पोळ्याला आणि दिवाळीला. आज कोणताच सण नव्हता. इंदूबाईंची बहीण मुकुटबनला त्यांच्याच आळीत आहे हे मला आज कळलं. अंगणात वर्तुळं काढून त्यात दीपाचं नाव लिहून दिवा लावता हे खरं काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो की ही यहुदी लोकांची फार जुनी विद्या आहे, करणी वगैरे नाही, आणि दहा स्थानं समजावून सांगू लागलो. चौथ्या स्थानापर्यंत आलो होतो.

ते मध्येच म्हणाले, "जवाईबुवा, पोरगी घ्यायले मानूस येते. दिवा कायले पाठवता?"

आणि फोन ठेवला. तीन बादल्या पाण्यानं अंगण धुतलं. चुना पूर्ण जात नाही. दीपाचं नाव अजून दिसतं.

२५ मे
चार दिवस दीपाचा फोन नाही. मी पण केला नाही, कारण रागात माणसाशी बोलू नये. राग तिचा. चौकटचा गुलाम.

कूलरसमोर दुपारी एकटाच बसलो. एका माणसाला रमी खेळता येत नाही.

२९ मे
आज पत्ता न काढता निघालो. सरळ एसटी स्टँड. मुकुटबनची गाडी लागलेली होती, अर्धी रिकामी. कंडक्टरनं विचारलं, मुकुटबन का? मी म्हणालो, बघतो. गाडी गेली. मग बराच वेळ रसवंतीवर बसलो.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला जायची भीती वाटते. पाच तारखेला गेलो असतो तर चहा पिऊन दोघं परत आलो असतो, कोणी काही विचारलं नसतं. आता पाच तारखेपासूनच्या प्रत्येक दिवसाचं उत्तर द्यावं लागेल, आणि रोज त्यात एक दिवस वाढतो. दुर्री निघाली तर निदान हातात काहीतरी असेल.

घरी येऊन पत्ता काढला. बदामची पंजी. सांडलेले तीन प्याले. मागे दोन उभे आहेत म्हणे. मला तीनच दिसले.

२ जून
क्लासनंतर मॅडमना खासगीत विचारलं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, पत्ते परवानगी देत नसतात. दोन, इस्पिकच्या अठ्ठीत बाईच्या पायांकडे बघा, पाय बांधलेले नाहीत, ती केव्हाही चालू लागू शकते. नोट्समधलं चित्र मोठं करून बघितलं. खरंच मोकळे आहेत.

मॅडमचा अभ्यास चांगला आहे, पण काही बाबतीत त्या फार वरवर बोलतात.

६ जून
शिस्त मोडली. दुपारी एका बैठकीत चाळीस पत्ते काढले. दुर्री नाही. राहिलेल्यांत असणार. ते उलटे करायची हिंमत झाली नाही. जोड रुमालात बांधून ठेवला.

इंदूबाईंनी वाटीभर भाजी दिली, कुंपणावरूनच, हात लांब करून. वाटी परत करायची नाही म्हणाल्या.

९ जून
गेलो. पत्ता न काढता. जोड खिशात.

बबनराव ओसरीत होते. या म्हणाले, पाणी दिलं, पंखा माझ्याकडे फिरवला आणि शेताकडे निघून गेले. सासूबाई मला लांबूनच ओळखू शकल्या, एवढा डोळा सुधारला आहे. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. शाळेचे गणवेश. दीपानं महिन्यापूर्वीच काम घेतलं, गावात शिवणारं कोणी नव्हतं. बाहेर आली तेव्हा गळ्यात टेप होता. तब्येत बरी वाटली. मला त्याचा आनंद झाला नाही, हे लिहून ठेवतो.

मी म्हणालो, घ्यायला आलो. ती समोर खाली बसली आणि हळू आवाजात बोलली, आत आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

"पाच तारखेले मी पिशवी भरून दरवाज्यापाशी ठेवली. महिनाभर तिथंच होती. झाडताना उचलो, परत ठेवो. रोज सकाळी वाटे, आज येतीन. वहिनी त्या पिशवीवरून पाय टाकून जाये, पन बोलली नाही बिचारी. परवा रिकामी केली."

मी सगळं सांगितलं. शिस्त, दुर्री, दोन प्याले, मी रोज आंघोळ करून वाट बघत होतो. ते खरंच होतं. रुमाल सोडून जोड तिच्यापुढे ठेवला. तिनं तो हातात घेतला, पूर्वी वाटायची तसा सवयीनं पिसला, आणि थांबली.

"बदामची दुर्री याच्यात नाही. मार्चमदी कूलरचा स्टँड हालत होता, तवा तुम्हीच घडी करून पायाखाली लावली. मी म्हटलं बी, जोड मोडते. तुम्ही म्हटलं, आता कोन खेळते."

मला आठवलं. लगेच आठवलं.

मी विचारलं, मग आता? गणवेश व्हायचे आहेत, ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात परत घ्यायला येतो म्हणालो. तिनं नकारार्थी मान हलवली.

"आता घ्यायले येऊ नका. यायचं असन त मीच यीन. एकटीनं येता येते मले."

शेवटची गाडी साडेपाचची होती. माझ्या हातात तिनं लोणच्याची बरणी दिली. बबनराव फाट्यापर्यंत सोडायला आले.

१० जून
कूलर रिकामा करून स्टँड तिरपा केला. दुर्री होती. चार घड्या, वर स्टँडच्या पायाएवढा गंजाचा डाग. एक बदाम दिसतो, दुसरा पाण्यानं गेला. मल्खुतचा अर्थ मॅडमनी चांगला सांगितला होता, सगळं शेवटी जमिनीपाशीच सापडतं. मी तो कागदावर उतरवून घेतला होता.

पत्ता खिडकीत वाळत ठेवला. घडी उलगडताना मधोमध फाटला. राहिलेले मोजले. पंचावन्न.

कूलर सुरू केल्यावर स्टँड इतका खडखडला की इंदूबाई बाहेर येऊन बघून गेल्या. पत्ता परत घडी करून पायाखाली घातला. आता हलत नाही.

संध्याकाळी दरवाज्याजवळचा चपलांचा स्टँड भिंतीकडे सरकवला. एका पिशवीपुरती जागा झाली आहे.